अंदाजाचे माप

“आई, पंखा बंद करता का जरा?” सुरभीने शालीतून तोंड न काढता विचारले.

अलकनंदाबाईंचा हात बटणापर्यंत गेला आणि क्षणभर तिथेच राहिला. एप्रिल सरत आला होता. झाशीच्या त्या दुपारी प्रेम नगरच्या गल्लीत कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती, खिडकीच्या गजांना हात लावता येत नव्हता, आणि घरातली तरणी सून लोकरीची शाल गळ्यापर्यंत ओढून कॉटवर पडली होती. शेजारी आठ महिन्यांची रेवा घामाने भिजून किरकिर करत होती. अलकनंदाबाईंनी पंखा बंद केला, नातीला उचलले आणि बाहेरच्या खोलीत कूलरसमोर आणून बसवले.

तिथे बायडाबाई तेलाची वाटी घेऊन वाट पाहत होती. तिचा नवरा रेल्वेत गँगमन होता. तो गेल्यावरही ती मराठवाड्यातल्या आपल्या गावी परतली नाही. या भागातल्या मराठी घरांमधल्या बाळंतिणी आणि बाळे तिच्याच हाताखालून जात. आधी तिची सासू हे काम करी, मग ती करू लागली.

“परत झोपली का?” बायडाबाईने रेवाला पायांवर घेत विचारले.

“झोप कसली. पडून आहे.”

“वात भरलाय अंगात. मी तेव्हाच सांगत होते, शेक पुरा द्या, शेक पुरा द्या.”

“ऑगस्टात बाळंत झाली ती, बायडा. अंगातून पाण्याच्या धारा वाहत होत्या तिच्या. शेगडी कुठे ठेवणार होतीस?”

“ठेवायची कुठंतरी.” बायडाबाई हसली. “आता काय म्हणा. तुम्हाला तर माझ्या सासूनं पुरा शेक दिला होता, तरी तुमचंही असंच झालं होतं. आधी आग, मग बर्फ.”

“आग कसली?”

“विसरलात होय? पराग झाल्यावर पूस महिन्याच्या थंडीत तुम्ही नंग्या फरशीवर आडव्या व्हायच्या. सासू घरी येऊन सांगायची, ती बाई चटई पण नको म्हणते, छाती धडधडतेय म्हणते, आणि काम बघावं तर चार बायांचं उरकते. मग होळी सरली तशा रजईतून बाहेर येईनात.”

रजई अलकनंदाबाईंच्या चांगलीच लक्षात होती. फरशी मात्र त्या साफ विसरल्या होत्या. आता तिचा गारवा एकाएकी पाठीला आठवला. आणि त्याबरोबर आणखी एक आठवले: गेल्या डिसेंबरात, सारे शहर शेकोट्यांभोवती बसलेले असताना, सुरभी पातळ सुती कुर्त्यात अंगण धूत होती. दोन महिन्यांत तिचे अंग दिवस राहण्याआधीपेक्षाही बारीक झाले होते. सगळ्यांनी तिचे कौतुक केले होते. “फौजीची मुलगी आहे, बबीना छावणीच्या मैदानावर वाढलीय,” असे जनार्दनराव भेटेल त्याला सांगत होते.

जनार्दनराव, म्हणजे अलकनंदाबाईंचे पती, या वेळी कूलरची जुनी वाळ्याची खस काढून नवी बसवत होते. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून घरातली प्रत्येक हलणारी वस्तू त्यांच्या अखत्यारीत होती. न हलणाऱ्या गोष्टींत ते सहसा पडत नसत.

संध्याकाळी पराग ड्यूटीवरून आला. तो सिग्नल विभागात होता. पाणीही न पिता म्हणाला, “मम्मी, टिकट झालं. भुसावळचं, संडेच्या मेलचं. मी रेवाला घेऊन जातो आणि सोडून परत येतो. आईशी बात झालीय माझी. ती बोलली, दोन महिने बिनघोर पाठवून द्या.”

या घरात ‘आई’ हा शब्द सरळ नव्हता. सुरभीची स्वतःची आई लहानपणीच वारली होती, म्हणून ती लग्नानंतर पहिल्या दिवसापासून सासूला आई म्हणे. पराग मात्र अलकनंदाबाईंना मम्मी म्हणत आला होता. त्याची ‘आई’ भुसावळला होती. स्नेहलतावहिनी, जनार्दनरावांच्या थोरल्या भावाची बायको.

“सुरभीला विचारलंस?” अलकनंदाबाईंनी विचारले.

“विचारलं ना. ती म्हणाली, बघा तुम्हीच. ती सगळ्यालाच तसं म्हणते आजकल.” परागने बुटाची नाडी सोडता सोडता मान वर केली. “काल रेवा उंबरठ्यावर पोहोचली होती, मम्मी. ही बघत बसली होती. उठेपर्यंत मीच धावलो. काही झालं असतं तर? आराम मिळाला की ठीक होईल. तू नव्हती झालीस का?”

तो हे वाईट हेतूने म्हणत नव्हता. घरात मान्य झालेली गोष्ट त्याने सांगितली, इतकेच.

पराग दसऱ्याच्या सुमारास जन्मला होता. होळीनंतर त्याच्या आईचे, म्हणजे अलकनंदाबाईंचे, अंग जड होऊ लागले. आवाज घोगरा झाला, उशीवर केसांचे पुंजके राहू लागले, दूध आटत गेले. मूल रडे, आणि ते रडणे तिला भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातून येत असल्यासारखे वाटे. एके सकाळी पराग कॉटच्या कडेला सरकला. ती जागी होती. तिला दिसत होते. हात पुढे न्यायचा आहे हेही कळत होते. हात पोहोचेपर्यंत तो खाली पडलेला होता. ओठ फुटला होता.

त्यानंतर स्नेहलतावहिनी आल्या. त्यांना मूल नव्हते. त्या म्हणाल्या, “दोन महिने नेते. तू बरी हो आधी.” कुणी कुणाकडून काही हिसकावून घेतले नाही. परागची झबली अलकनंदाबाईंनी स्वतः घडी करून पिशवीत भरली होती.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. दिवाळीपर्यंत त्यांचा आवाज मोकळा झाला, पायांत बळ आले, एके दिवशी तर त्या ओट्याशी उभ्या राहून गुणगुणू लागल्या. घराने कारण आणि परिणाम एका ओळीत मांडून टाकले: मूल दूर गेले, आराम मिळाला, बाई बरी झाली. पण तोवर परागला तिकडची सवय झाली होती. मग दात येत होते. मग थंडी फार होती. मग वहिनींच्या मनाची तयारी होत नव्हती. तो परत आला तेव्हा तिसरे वर्ष लागले होते, आणि फलाटावर त्याच्या मुठीतला वहिनींचा पदर सोडवायला दोन माणसे लागली.

मधल्या काळात अलकनंदाबाईंनी त्याच्यासाठी मोरपंखी लोकरीचा स्वेटर विणला. समोर मूल नव्हते, म्हणून मापे अंदाजाने धरली. दर शुक्रवारी त्या लक्ष्मी ताल या तळ्याकाठच्या महालक्ष्मीच्या देवळात जात आणि पायऱ्यांवर खेळणाऱ्या मुलांकडे पाहून मनात वीत धरत: आता खांदा एवढा झाला असेल, हात एवढा. तो आला त्या दिवशी स्वेटर त्याच्या डोक्यातून खाली उतरला नाही. त्यांच्या अंदाजात तो लहानच राहिला होता. तेव्हापासून तो स्वेटर ट्रंकेच्या तळाशी होता, डांबराच्या गोळ्यांच्या वासात.

तिकिटाचे बोलणे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी पराग ड्यूटीवर गेल्यावर अलकनंदाबाईंनी रेवाला बायडाबाईकडे दिले, सुरभीला उठवले, तिची वेणी घातली आणि म्हणाल्या, “चल. सदर बाजारला जाऊन येऊ.”

“कशाला, आई?”

“डॉक्टरकडे.”

“गेले होते ना. रक्त कमी आहे म्हणाले. गोळ्या घेतेय की.”

“त्या गोळ्यांनी थंडी गेली का?”

सुरभीने थोडा वेळ विचार केला. तिला आता प्रत्येक उत्तराला थोडा वेळ लागे. “नाही,” ती म्हणाली.

डॉक्टर नीलम यांचा दवाखाना फौजी गणवेश शिवणाऱ्या एका शिंप्याच्या दुकानावर होता. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, झाशीच्याच. त्यांनी सुरभीला खुर्चीवर सरळ बसवले, पाणी प्यायला दिले आणि घोट गिळताना तिचा गळा पाहिला. मग मागे उभे राहून दोन्ही हातांच्या बोटांनी गळा चाचपला.

“दर्द?”

“नहीं.”

“ठंड? कब्ज? खाल सूखी रहती है?”

सुरभी प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होती. अलकनंदाबाईंचे लक्ष मात्र त्या बोटांकडे होते. रेवाच्या उष्टावणाला सुरभीच्या गळ्यात ठुशी बसली नव्हती. “बाळंतपणात अंग भरलं,” असे सगळ्या बायका म्हणाल्या होत्या. तीच ठुशी परागच्या उष्टावणाला अलकनंदाबाईंनाही आवळली होती. पटव्याकडे पाठवून तिचा गोफ वाढवून घ्यावा लागला होता. नवा धागा जुन्यापेक्षा गडद होता, तो जोड अजून दिसे.

“शुरू के महीनों में उल्टा था?” डॉक्टरांनी विचारले. “गर्मी लगती थी, दिल तेज़ चलता था, वज़न घट रहा था?”

सुरभी गोंधळली. तिला आठवेना. “हाँ,” अलकनंदाबाई म्हणाल्या. “दिसंबर में बिना शाल के आँगन धोती थी. हम लोग शाबाशी देते थे.”

डॉक्टरबाई खुर्चीत बसल्या. “थकान तो हर नई माँ को होती है, माँजी. रात-रात जागना है, दूध पिलाना है. खून कम हो तो भी थकान. मन टूट जाए तो भी. थायरॉइड बिगड़े तो भी. बाहर से सब बहनें लगती हैं. और कभी दो-दो साथ रहती हैं. इसलिए अंदाज़े से कुछ नहीं कहूँगी. खून देख लेते हैं.” मग हसून म्हणाल्या, “अब आप थोड़ी देर बाहर बैठिए. कुछ बातें सास के सामने नहीं होतीं.”

अलकनंदाबाई बाहेरच्या बाकावर बसल्या. आत बराच वेळ बोलणे चालू होते. रक्त देऊन परत निघताना, ऑटोत, सुरभीने आपणहून सांगितले.

“मनाचं विचारत होत्या. सारखं रडू येतं का. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटतं का.”

“मग?”

“नाही म्हटलं. तसं काही नाही.” ऑटो सदरच्या गर्दीतून बाहेर पडला. “फक्त रेवा हसते ना, आई, तेव्हा मला हसायला उशीर होतो. मी हसेपर्यंत तिनं तोंड फिरवलेलं असतं.”

अलकनंदाबाईंनी तिच्या गार हातावर हात ठेवला.

“रविवारी तिला नेऊ नका म्हणायला पण मला जोर नाही,” सुरभी म्हणाली. “ह्यांचं बरोबरच असेल. ती माझ्याजवळ पडलीबिडली तर?”

दुसऱ्या दिवशी अहवाल घ्यायला अलकनंदाबाई एकट्याच गेल्या. सुरभीला दोन जिने चढवणे त्यांना बरे वाटले नाही. डॉक्टरबाईंनी कागद पाहिला, आणि कागद बाजूला ठेवून समजावून सांगितले. बाळंतपणानंतर काही जणींच्या गळ्यातली ही ग्रंथी सुजते. दुखत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. सुजली की आधी तिच्यात साठवलेले सगळे एकदम रक्तात सांडते. तेव्हा अंगाची आग होते, छाती धडधडते, माणूस धावत सुटते. मग ग्रंथी रिकामी पडते आणि अंग थंड होत जाते, विचारसुद्धा हळू चालतात. सुरभी आता या दुसऱ्या टप्प्यात होती, आणि चांगलीच खोल उतरली होती. रक्तही थोडे कमी होते. ती गोळी चालू ठेवायची, पण वेगळ्या वेळी. थायरॉइडची गोळी पहाटे, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. बाळाला दूध पाजायला कसलीही आडकाठी नाही. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त.

“और गोली उम्रभर लेनी पड़ेगी?” अलकनंदाबाईंनी विचारले.

“किसी-किसी को. ज़्यादातर औरतों की ग्रंथि साल-डेढ़ साल में सँभल जाती है. तब दवा घटाकर देखेंगे.”

अलकनंदाबाई उठल्या, पिशवी घेतली, आणि पुन्हा बसल्या.

“डॉक्टर साहिबा, पहले जब ये जाँच नहीं होती थी, तब औरतें कैसे ठीक होती थीं?”

“अपने आप. तकलीफ़ काटकर.”

“बच्चे को दूर भेज दो, तो जल्दी ठीक होती हैं?”

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. त्यांना प्रश्न नीट समजला नसावा. “बच्चा पास रहे कि दूर, माँजी, ग्रंथि को क्या पता? हाथ बँटाने वाला कोई चाहिए, बस. बच्चा क्यों भेजना?”

जिना उतरताना अलकनंदाबाईंनी कठडा धरला. खालच्या दुकानात शिंपी एका तरुण जवानाच्या खांद्याचे माप घेत होता. जवान ताठ उभा होता. शिंप्याने फीत एकदा लावली, मनाचे समाधान झाले नाही, म्हणून पुन्हा लावली. अलकनंदाबाई ते संपेपर्यंत पाहत उभ्या राहिल्या, आणि मग ऑटो शोधायला लागल्या.

शनिवारी संध्याकाळी रेवाची पिशवी भरायला घ्यायची होती. पराग टेबलाशी बसून फोनवर भुसावळशी बोलत होता. सगळ्यांना ऐकू यावे म्हणून त्याने स्पीकर चालू ठेवला होता. जनार्दनराव कूलरच्या टाकीत पाणी सोडत होते.

“अलका, अहवाल आला म्हणे,” स्नेहलतावहिनींचा आवाज म्हातारा झाला होता, पण गोडवा तोच होता. “बरं झालं कळलं ते. मी इकडं सगळी तयारी केलीय हं. शेजारच्या गोठ्यातून दूध लावलंय. पाळणा काढून पुसून ठेवलाय, परागचाच.”

“वहिनी, रेवा येणार नाही.”

परागने मान वर केली. “मम्मी, टिकट झालंय ना. आणि गोळी पण चालू झाली, अच्छाच झालं. आता दोन महिने हिला आराम. तू पण तर अशीच बरी झालीस.”

“सुरभीच्या भल्यासाठीच गं,” वहिनी म्हणाल्या.

“माहीत आहे, वहिनी. तेव्हाही माझ्या भल्यासाठीच होतं.”

“मग? झालीस की नाही बरी? दिवाळीला आले तर तू ओळखू येईनास. कशी रसरशीत दिसत होतीस.”

“मी बरी होणारच होते, वहिनी.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. रोज भाजीत मीठ पुरे आहे म्हणतात, त्याच आवाजात त्या बोलल्या. तरी जनार्दनरावांनी पाण्याचा नळ बंद केला.

“सुरभीला झालंय तेच मला झालं होतं. पहिल्यांदा आग, मग बर्फ. बायडाला आठवतंय, ठुशीचा गोफ अजून तसाच आहे. ते वर्षभरात ज्याचं त्याचं ओसरतं. पराग इथं असता तरी मी बरी झाले असते. डॉक्टरबाईंना विचारलं मी. मूल जवळ असो की लांब, त्याचा काही संबंध नाही.”

कूलरच्या खसेतून थेंब पडत होते. परागला वाटले फोन कटला, त्याने उचलून पाहिले. कटला नव्हता.

“मी समजत होते, मी तुझा जीव वाचवला,” स्नेहलतावहिनी म्हणाल्या. “इकडं लोक बोलायचे, लेकरू ओढून आणलं म्हणून. मी त्यांना हेच सांगायचे. बघा, तिकडं ती बरी झाली की नाही.”

“तुम्ही त्याला जीव लावलात. ते तर खोटं नाही ना.”

“नाही.” मग हळूच, “त्याचा ओठ फुटलेला होता, अलका. मी रोज रात्री तूप लावायचे.”

“खूण नाही राहिली,” अलकनंदाबाई म्हणाल्या.

परागचा हात नकळत ओठाकडे गेला. ही गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नव्हती. तो “मम्मी” म्हणाला.

“रेवाला पाठवू नका,” भुसावळहून आवाज आला. “पाळणा मी झाकून ठेवते. तिला घेऊन सगळेच या, दिवाळीला.”

आतल्या दारात सुरभी उभी होती, शाल खांद्यावरून घसरलेली, रेवा कडेवर. ती केव्हा उठून आली ते कुणी पाहिले नव्हते. चौकटीला टेकून तिने तोल सावरला होता. पण मूल तिने दोन्ही हातांनी घट्ट धरले होते.

जनार्दनरावांनी पायजम्याला हात पुसले, चपला घातल्या आणि परागपुढे तळवा धरला. “टिकट दे. खिडकी बंद व्हायच्या आत रद्द करून येतो.”

बरे होणे लगेच झाले नाही. जूनच्या मध्याला पुन्हा रक्त तपासले तेव्हा आकडा जेमतेम हलला होता. पराग पुन्हा काळजीने रेवाकडे बघत राहू लागला. डॉक्टर नीलमनी सुरभीला गोळी कशी घेते ते विचारले, तेव्हा सुरभीने मान खाली घातली.

बाळंतपणापासून अलकनंदाबाई रोज पहाटे उठून तिच्यासाठी दुधात अळीव शिजवीत. वाटी गरम असताना तिच्या हातात देत आणि ती संपेपर्यंत समोर बसून राहत. सासू अंधारात उठून खीर करते, तिला थांबा कसे म्हणायचे? म्हणून सुरभी गोळी त्या खिरीबरोबरच गिळत होती. अळिवातले लोह आणि दूध यांनी गोळीचा बराचसा गुण पोटातच अडवून ठेवला होता.

“अगं, मग सांगायचं नाहीस का?” अलकनंदाबाईंनी विचारले.

“तुम्ही इतक्या पहाटे उठता, आई.”

“उठते तर उठते. दुपारी करेन. अळीव काही पळून जात नाहीत.”

त्या दिवसापासून पहाटे त्या फक्त पेलाभर पाणी घेऊन जात. सुरभी गोळी घेई. मग दोघी काही न खाता-पिता तशाच बसून राहत, गल्लीत पहिली सायकल वाजेपर्यंत. रेवा जागी झाली की अलकनंदाबाईंचे हात आपोआप पुढे होत. त्या ते मांडीवर परत आणून ठेवत. सुरभी हळूहळू वळे, हळूहळू हात लांब करी. मुलीला थांबायला लागे. ती थांबे.

पावसाळा संपता संपता सुरभीने शाल धुऊन पेटीत टाकली. आवाज मोकळा झाला. एका सकाळी रेवा भांड्यावर चमचा आपटून हसली, आणि तिने तोंड फिरवण्याआधी सुरभी हसली होती. ओट्याशी उभ्या असलेल्या अलकनंदाबाईंनी ते पाहिले. त्यांनी गॅस बारीक केला.

नवरात्रात थंडीची पहिली चाहूल लागली तशी त्यांनी ट्रंक उघडली. मोरपंखी रंग फारसा उतरला नव्हता. स्वेटर उन्हात टाकला, दुपारी मांडीवर घेतला, आणि गळ्याकडचा धागा शोधून उसवायला सुरुवात केली. लोकर जुनी होती, मध्येच तुटे. तुटली की त्या गाठ मारत आणि पुढे जात.

पराग ड्यूटीवरून आला. डबा ओट्यावर ठेवून तो दारातच थांबला.

“हे कुणाचं, मम्मी?”

“तुझंच.”

“मला याद नाही.”

“तू घातलाच नाहीस. लहान झाला होता.”

तो थोडा वेळ त्या उसवत्या बाहीकडे पाहत राहिला. मग समोर येऊन जमिनीवर बसला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. अलकनंदाबाईंनी लोकरीची लड त्याच्या मनगटांवर चढवली. त्या गुंडा गुंडाळत गेल्या, आणि तो धागा सुटेल तसे हात डावी-उजवीकडे झुकवत राहिला. कुणी त्याला शिकवले नव्हते. भुसावळला तो असाच बसत असेल, असे त्यांच्या मनात आले, आणि त्यांनी गुंडाळणे थांबवले नाही.

गुंडा झाल्यावर त्यांनी रेवाला हाक मारली. ती भिंतीला धरून चालत आली. अलकनंदाबाईंनी तिला समोर उभे केले, खांद्यापासून मनगटापर्यंत वीत धरली. रेवाला गुदगुल्या झाल्या. ती हलली आणि माप चुकले.

त्यांनी पुन्हा वीत धरली.